नानांची मुलाखत : बोलण्याआधी ऐकण्याच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

काम ठरलं. नाना, म्हणजे बाबांचे मामा, १९५९ साली पंधराव्या वर्षी पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका छापखान्यात लागले. कंपोझिटरचं काम : खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचं. ऑफसेट आलं, पाठोपाठ संगणकावरची जुळणी, म्हणजे डीटीपी, आलं, तोवर तिथेच. त्यांची अर्ध्या तासाची मुलाखत करायची, फक्त आवाजाची. व्हिडिओ नको, कारण कॅमेरा दिसला की नाना सदऱ्याचं वरचं बटण लावतात आणि सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिल्यासारखं बोलतात.

सामान : माझा फोन, एक वायरचा कॉलर माइक, संगणकावर ऑडॅसिटी हे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं आणि आपल्या कामाला पुरून उरतं.

धाकटा भाऊ म्हणाला, ताई, उद्याच जाऊन रेकॉर्ड कर ना. नको. आधी महिनाभर दुसऱ्यांनी केलेल्या मुलाखती ऐकायच्या. विषयासाठी नाही. प्रश्न कुठे येतो, विचारणारा कधी गप्प बसतो, काय कापलंय, एवढंच वहीत टिपायचं.

१० जून

सुरुवात सगळे सुचवतात त्या ‘सीरियल’ या पॉडकास्टपासून. सेरा केनिग यांचं २०१४ चं काम, एका जुन्या खून खटल्याचा आठवड्या-आठवड्याला उलगडत जाणारा शोध. दोन भाग सलग ऐकले, जेवण गार झालं. पण आपल्या कामाचं काय? तिथे वार्ताहर वर्षभर खपलीय, कागदपत्रं आहेत, तुरुंगातून आलेले फोन आहेत, पाठीशी संपादकांची फळी आहे. इथे एक खोली, एक म्हातारा माणूस आणि भाची-नातीच्या नात्यातली एक बाई.

यादीला चाळणी लावली : ज्यांच्या अडचणी आपल्यासारख्या आहेत तेच कार्यक्रम ऐकायचे. भारी असणं पुरेसं नाही. या नियमाने निम्मी यादी गळाली.

१३ जून

‘स्टोरीकोर’. यावर बराच वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

डेव्ह आयसे यांनी २००३ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात एक छोटी खोली उभी केली. आत दोन माणसं बसतात, बहुतेक वेळा एकमेकांच्या ओळखीची : आई-मुलगा, नवरा-बायको, जुने सहकारी. एक विचारतो, दुसरा सांगतो. वेळ चाळीस मिनिटं. संस्थेचा एक माणूस यंत्र सांभाळतो. संमती असेल तर रेकॉर्डिंग अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या लोकजीवन संग्रहात जातं. त्यांतल्या मोजक्यांचे दोन-तीन मिनिटांचे तुकडे रेडिओवर लागतात.

वहीतल्या नोंदी :

विचारणारा पत्रकार नसतो आणि त्याचं ते नवखेपण ऐकू येतं. मुलगी वडिलांना विचारताना अडखळते, वडील तिला सावरून घेतात. हे कुठल्याही सराईत निवेदकाला जमणार नाही. म्हणजे आपलं नातं हीच आपली सोय. मी निवेदिकेचा आवाज काढायचा नाही.

चाळीस मिनिटं हा आकडा पक्का करून टाकला. वयस्कर माणूस तेवढा वेळ न थकता बोलतो आणि घड्याळ समोर असल्यामुळे मुद्द्याचं काही राहून जात नाही.

त्यांच्या प्रश्नांच्या यादीतले ‘आयुष्यातला सर्वांत आनंदाचा क्षण कोणता’ या धर्तीचे प्रश्न मात्र घेणार नाही. नानांच्या पिढीला असं विचारलं की ते हसून ‘तुम्ही सगळे आहात हाच आनंद’ म्हणतात आणि दार बंद होतं.

बीबीसीच्या रेडिओ ४ ने याच धर्तीवर २०१२ मध्ये ‘द लिसनिंग प्रोजेक्ट’ सुरू केलं, त्यातली संभाषणं ब्रिटिश लायब्ररीत ठेवली आहेत. दोन-तीन ऐकली. पद्धत तीच, वेगळं काही टिपण्यासारखं नाही.

१५ जून, रविवार

आज मराठी. आपल्याकडे मुलाखत म्हटलं की प्रकट मुलाखत. पुण्यात तर सुधीर गाडगीळांनी ती कला घराघरात नेली. व्यासपीठ, दोन खुर्च्या, मधे फुलदाणी, समोर भरलेलं सभागृह. मुलाखतकाराचा प्रश्न हाही तिथे रंजनाचा भाग असतो. कोपरखळी मारायची, हशा घ्यायचा, पाहुण्याला खुलवायचं. वसंत व्याख्यानमालेच्या या शहरात श्रोता समोर बसलेला असतो हे बोलणाऱ्याच्या हाडात मुरलंय. कानात हेडफोन घालून एकटा ऐकणारा श्रोता वेगळा. त्याला हशाची गरज नसते, त्याला जवळून ऐकायचं असतं.

सौमित्र पोटे यांचं ‘मित्रम्हणे’, सुलेखा तळवलकर यांचं ‘दिल के करीब’ ऐकलं. मुद्दाम स्क्रीन पालथी घालून. दोन्हीकडे पाहुण्याला घाई नाही, पूर्ण बोलू देतात, हे शिकण्यासारखं. पण ती चित्रासह केलेली कामं आहेत. पाहुण्याने हाताने काही दाखवलं की बघणाऱ्याला कळतं, नुसतं ऐकणाऱ्याला नाही. नाना तर अर्धं बोलणं हातांनीच करतात. तेव्हा मी मधे म्हणायचं : ‘म्हणजे एवढं, वीतभर?’ त्यांनी ‘हो, वीतभर’ म्हटलं की काम झालं. वहीत दोनदा अधोरेखित.

अमित वर्मा यांचं ‘द सीन अँड द अनसीन’ इंग्रजीत आहे, २०१७ पासून सुरू. सुरुवातीचे भाग आटोपशीर होते, पुढे चार-चार, पाच-पाच तासांचे झाले. बालपणापासून निवांत सुरुवात करायची ही रीत मोह पाडते. पण आपण ऐंशी ओलांडलेल्या माणसाकडे चाललोय. सुरुवात बालपणाने केली तर छापखाना यायच्या आत त्यांची दुपारची झोपेची वेळ होईल.

२० जून

दोन्ही पालख्या आज शहरात. पेठांमध्ये जाण्याचा प्रश्नच नव्हता. घरी बसून स्टड्स टेरकेल.

हे शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी रेडिओवर १९५२ ते १९९७, अशी पंचेचाळीस वर्षं मुलाखती घेत होते. नामवंत तर आलेच, पण माझ्या कामाची त्यांची दुसरी बाजू : साध्या कामकऱ्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारणं. त्या सत्तरच्या दशकातल्या टेपा पुढे ‘रेडिओ डायरीज’ या संस्थेने ‘वर्किंग देन अँड नाउ’ या मालिकेत वापरल्या. टेलिफोन ऑपरेटर मुलगी, गाड्या पार्क करणारा माणूस. काही जणांना इतक्या वर्षांनी पुन्हा गाठलंय.

गाड्या पार्क करणारा माणूस गाडी मागे कशी घ्यायची ते ज्या तोऱ्यात सांगतो ना! कसब विचारलं की माणूस ताठ होतो. ‘कष्ट किती होते हो?’ असं विचारलं की तो बिचारा होतो. नानांना कष्टांबद्दल विचारायचंच नाही. ‘एका तासात किती ओळी?’ हे विचारायचं.

टेरकेल यांना यंत्र धड चालवता येत नसे, हे ते स्वतःच सांगत. टेप रेकॉर्डरशी त्यांची झटापट पाहून समोरचा माणूस मदतीला सरसावे आणि त्याची भीड चेपे. मला सोंग करायची गरज नाही. कॉलर माइकची क्लिप नानांनाच लावायला देईन. बारीक कामात त्यांचा हात माझ्यापेक्षा आजही स्थिर आहे.

२४ जून

‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’. बीबीसीवर जानेवारी १९४२ पासून. पाहुण्याने निर्जन बेटावर न्यायच्या आठ ध्वनिमुद्रिका निवडायच्या, शिवाय एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू. एवढ्या साध्या खुंटीवर ऐंशीहून जास्त वर्षं टांगली आहेत. गाण्याबद्दल बोलता बोलता माणूस नकळत वडिलांच्या मृत्यूवर येतो. थेट विचारलं असतं तर आला नसता.

गाणी नकोत, वस्तू घेऊ. नानांकडे जुनी स्टिक आहे, ज्यात ओळ जुळवतात ती. एक चिमटा आहे. माईआजीने, म्हणजे नानांच्या बायकोने, एका डब्यात थोडे खिळेही जपून ठेवलेत. तिन्ही गोष्टी टेबलावर.

२८ जून

‘साँग एक्स्प्लोडर’, हृषीकेश हिरवे यांचं, २०१४ पासून. संगीतकार आपलं एक गाणं सुटं करून दाखवतो. इथे मुलाखतकाराचे प्रश्न कापून टाकलेले असतात, मुख्य भागात फक्त पाहुणा बोलतो. ऐकायला फार स्वच्छ. भावाला हेच आवडलं, म्हणतो आपणही तुझा आवाज काढून टाकू.

यासाठी उत्तर आपल्या पायावर उभं राहणारं हवं. ‘किती पगार होता?’ विचारलं आणि ‘तीस रुपये’ आलं, तर प्रश्न कापल्यावर हवेत लोंबकळणारे तीस रुपये उरतात. ‘पूर्ण वाक्यात उत्तर द्या’ असं नानांना सांगितलं तर ते प्रमाण भाषेत शिरतील. त्यामुळे प्रश्नच असा घडवायचा : ‘पहिल्या पगाराच्या दिवशीचं सांगा ना.’ ‘सांगा ना’ने संपणारे प्रश्न जास्त, ‘किती, कधी, कुठे’वाले कमी.

आवाज ठेवायचा की काढायचा, यावर भावाशी वाद शिल्लक.

२ जुलै

‘इयर हसल’. ज्याने प्रश्नच बदलले.

कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेन्टिन तुरुंगात, आतल्या कैद्यांनी आणि नायजेल पूअर या बाहेरून येणाऱ्या कलावतीने मिळून २०१७ मध्ये सुरू केलेला कार्यक्रम. सह-निवेदक अर्लॉन वूड्स तेव्हा स्वतः शिक्षा भोगत होते. २०१८ मध्ये गव्हर्नरने त्यांची शिक्षा कमी केली आणि सुटल्यावरही ते हेच काम करत राहिले.

तुरुंग म्हटल्यावर गुन्हा, पश्चात्ताप, अन्याय यांची अपेक्षा होती. पहिला भाग कशावर? एका चिंचोळ्या कोठडीत दोघांनी कसं राहायचं, यावर. सोबती कसा निवडायचा, घोरणाऱ्याचं काय करायचं. मोठी गोष्ट त्या बारक्यातूनच येते आणि ऐकणाऱ्याला ती स्वतः सापडते.

नानांची मोठी गोष्ट म्हणजे पानशेत धरण फुटून आलेला पूर. लग्नात, बारशात, कुणी विचारो न विचारो, ती कधीही सुरू होते : ‘बारा जुलै एकसष्ट, बुधवार, सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासला, लकडी पूल पाण्याखाली...’ शब्दही ठरलेले. इतक्या वेळा सांगून ती गुळगुळीत झालीय. ही आवृत्ती रेकॉर्ड करण्यात अर्थ नाही, ती आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. पुरात काय झालं हे विचारायचं नाही. पूर ओसरल्यावर छापखान्यात त्यांच्या वाट्याला कोणतं काम आलं, एवढंच विचारायचं.

६ जुलै, आषाढी एकादशी

नानांकडे. साबुदाण्याची खिचडी, आणि मग आवाजाची चाचणी.

खोली : रस्त्याकडची नको, मागची. गाद्यांची चळत, कपड्यांनी भरलेली दांडी, त्यामुळे आवाज घुमत नाही. पंखा बंद. फ्रिजचं बटण बंद, आणि मोटारीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची म्हणजे जाताना तो चालू करायचं विसरणार नाही. कुकर दहाच्या आत. माईआजी म्हणाली, ‘मी काय शिट्ट्या मारत बसते का?’

माइक हनुवटीखाली वीतभर. कडक इस्त्रीचा सदरा माइकला घासून खसखसतो, म्हणून धुऊन मऊ झालेला घालायला सांगितला. फोन विमान मोडवर. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह फाइल. मिनिटाला साधारण ५.३ एमबी, म्हणजे चाळीस मिनिटांना सव्वादोनशेच्या आत. फोनमध्ये जागा आहे.

संध्याकाळची वेळ बाद. नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू व्हायच्या बेतात आहे आणि तो आवाज तिथवर येतो. सकाळीच करायचं.

टेरी ग्रोस यांची एक पद्धत इथे वापरली. ‘फ्रेश एअर’ या अमेरिकन रेडिओ कार्यक्रमात त्या पाहुण्याला आधीच सांगतात, की प्रश्न फार खासगी वाटला तर तसं म्हणा, मी पुढे जाईन. नानांना तेच सांगितलं. त्यांनी थोडा विचार करून दोन नावं सांगितली, ती घ्यायची नाहीत. ठीक. नंतर ऐकवून मग पुढे कुणाला द्यायचं ते ठरवू, हेही सांगितलं.

बारा जुलैला करू, असं भाऊ सुचवत होता. नको म्हटलं. त्या तारखेला पुण्यात पानशेतच्या आठवणी निघतातच, नाना सकाळी वर्तमानपत्र वाचणार आणि पेपरातलं आणि त्यांचं मिसळणार.

२० जुलै, रविवार

रेकॉर्डिंग झालं.

सुरुवातीला एक मिनिट कुणीच बोललो नाही. रिकाम्या खोलीचा आवाज घेऊन ठेवला, पुढे जोडणीत लागतो. नानांना हे फार आवडलं, डोळे मिटून बसले.

पहिला प्रश्न स्टिक हातात देऊन. ‘ओळ कशी जुळवायचात, सांगा ना.’ मग पंधरा मिनिटं मला बोलायची गरज पडली नाही. केसचे, म्हणजे खिळ्यांच्या पेटीचे, खण, कोणत्या खणात काय, डोळे न लावता हात कसा जायचा. डिग्री टाइप आणि अखंड टाइपमधला फरक : डिग्रीत काना-मात्रा-वेलांटीचे तुकडे वेगळे लावत बसायचे, अखंडात सगळं अक्षर एका खिळ्यात. ‘इंग्रजीवाल्यांची केस म्हणजे खेळणं. आमच्याकडे जोडाक्षरं! एकेका कंपोझिटरभोवती चार केसी.’ अक्षर उलटं वाचायची सवय अशी, की अजूनही रुग्णवाहिकेवरचं उलटं नाव ते आधी वाचतात.

खिळ्यांत शिसं असतं, म्हणून मालक गूळ द्यायचे. उपयोग व्हायचा की नाही देव जाणे, ‘पण गूळ चांगला असायचा’.

मग तो प्रश्न. पूर ओसरल्यावर तुमच्या वाट्याला काय काम आलं?

थांबले. ठरलेली गोष्ट सुरू होईना, कारण हा प्रश्न तिच्यात कुठेच नव्हता. ‘खिळे धुवायचं,’ म्हणाले.

केसी पाण्यात उलटल्या होत्या. सगळे खिळे एक होऊन चिखलात. फावड्याने चिखल भरायचा, पाण्यात कालवायचा, गाळायचा. गाळायला काय? नानांनी घरून आईची पुरणाची चाळण नेली. पाणी कुठलं? खडकवासला गेल्यामुळे शहराचे नळ कोरडे. वाड्यातल्या आडाचं पाणी, त्यावर सगळ्या आळीची रांग. ‘लोक शिव्या घालायचे. प्यायला पाणी नाही आणि हा पोरगा शिसं धुतोय. मालक सांगायचे, रात्री काढ. मग रात्री काढायचो.’

मी काही बोलले नाही. खरं तर पुढचा प्रश्न तोंडावर आला होता. स्टोरीकोरच्या तुकड्यांमध्ये अशा जागा ऐकल्या होत्या, जिथे विचारणारा नुसता बसून राहतो. मीही बसून राहिले. मग नाना आपणहून : ‘आईने ती चाळण परत घरात घेतली नाही. म्हणाली, शिशाला लागली, आता नको. त्या श्रावणात पुरण झालंच नाही. मला वाटायचं, चाळण नाही म्हणून. पुरण कशाला होतंय, घरात होतं काय?’

साठ वर्षांपासून पानशेत ऐकणारी माईआजी दारात उभी होती. तिलाही चाळणीचं माहीत नव्हतं.

त्यानंतर वाळलेले खिळे निवडणं. ‘व’ आणि ‘ब’ अंगठ्याच्या नखाने वेगळे करायचे. हे सांगताना त्यांनी डब्यातले खिळे टेबलावर ओतले आणि निवडायला लागले. तो आवाज माइकमध्ये सुंदर आलाय.

एकोणचाळिसाव्या मिनिटाला म्हणाले, आता पुरे.

२६ जुलै

ट्रेडलचा, म्हणजे जुन्या छपाई यंत्राचा, आवाज हवा होता. एका गल्लीत अजून एक ट्रेडल आहे, पावतीपुस्तकांना नंबर आणि परफोरेशन मारायला. मालकांनी खुशाल घे म्हटलं. दोन मिनिटं जवळून, दोन मिनिटं दारातून. दारातून घेतलेला जास्त चांगला, त्यात गल्ली पण आहे.

३ ऑगस्ट, रविवार

जोडणी. पूर्ण संभाषण आधी लिहून काढलं, हाताने, कारण लिहिताना कळतं कुठे पुनरुक्ती आहे. मग कागदावर कापलं आणि त्यानंतर ऑडॅसिटीत. दोन कापांच्या मधे खोलीचा तो रिकामा आवाज टाकला की शिवण कळत नाही. खरखर काढायचं साधन अगदी हलकं वापरलं. जास्त वापरलं की माणूस पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखा बोलतो. श्वास, खोकला, ‘काय बरं म्हणायचे त्याला’ हे सगळं ठेवलं. ट्रेडल फक्त सुरुवातीला आणि खिळे धुण्याच्या आधी, दोनदाच. पार्श्वसंगीत नाही. भावाने सतार सुचवली होती.

आवाजाची पातळी मोनोसाठी उणे १९ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप). लांबी सत्तावीस मिनिटं. दोन फाइली केल्या : एकीत माझे प्रश्न आहेत, दुसरीत नाहीत.

१० ऑगस्ट, रविवार

दोन्ही नानांना ऐकवल्या, हेडफोनवर. बिनप्रश्नांची आधी.

ऐकून झाल्यावर म्हणाले, ‘हा माणूस एकटाच का बडबडतोय? कुणी विचारलं होतं याला?’ दुसरी ऐकल्यावर मान हलवली. फक्त एक तक्रार : एका ठिकाणी त्यांनी खणांचा क्रम चुकीचा सांगितलाय, आणि एखादा जुना कंपोझिटर ऐकेल तर काय म्हणेल. तेवढं वाक्य परत रेकॉर्ड करून घ्या. मी म्हटलं, नाना, कुणाला कळणार आहे? ‘मला कळतंय ना.’

मऊ सदरा घालून लगेच बसले. पंखा बंद, किल्ली फ्रिजमध्ये, एक वाक्य. मागच्या आवाजाशी जुळवायला थोडी खटपट करावी लागली, कारण त्या दिवशी पाऊस नव्हता आणि आज आहे.

प्रश्नांसहची फाइल कायम. वेव्ह प्रत दोन ठिकाणी ठेवली, ऐकायला ६४ केबीपीएसची एमपीथ्री, तेरा एमबी. नानांनी पाठवायची नावं सांगितली : घरचे सगळे, ट्रेडलवाले मालक, आणि त्यांच्याच छापखान्यातले एक जुने सहकारी, जे आता कोथरूडला मुलाकडे असतात. त्यांना ऐकायला कमी येतं, तेव्हा लिहून काढलेला मजकूर मोठ्या टाइपात छापून न्यायचा आहे. अठरा पॉइंट, नानांनी सांगितलं, त्याहून लहान नको.